चियांग माई की काल्दास? नोकरी सोडून परदेशात हाताचं काम करत राहायचं असेल तर

पंचेचाळिशीच्या आसपासचं वय, पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, आणि नोकरीला रामराम ठोकून परदेशात कुठेतरी कमी खर्चात भांडी घडवत, विणत किंवा चित्रं काढत राहायचा बेत. अशी माणसं हल्ली बरीच भेटतात. त्यांच्या बोलण्यात दोन नावं हटकून येतात, थायलंड आणि पोर्तुगाल. पण देशाचं नाव घेऊन काही ठरत नाही, म्हणून इथे दोन गावंच समोरासमोर ठेवतो. उत्तर थायलंडमधलं चियांग माई आणि लिस्बनच्या उत्तरेला साधारण 90 किलोमीटरवरचं काल्दास दा राईन्या.

ही जोडी मुद्दाम निवडली आहे. युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत दोन्ही हस्तकला आणि लोककला याच गटात आहेत, चियांग माई 2017 पासून आणि काल्दास 2019 पासून. दोन्हीकडे कारागिरी नुसती संग्रहालयात ठेवलेली नाही. चियांग माईजवळच्या बो सांगमध्ये अजून कागदी छत्र्या रंगवतात आणि बान तवाईत लाकूड कोरतात. काल्दासला मातीकामाची मोठी परंपरा आहे. बोर्दालो पिन्येरू यांचा कारखाना 1884 चा, आणि कोबीच्या पानासारख्या दिसणाऱ्या त्याच्या हिरव्या ताटल्या आजही विकल्या जातात. शिवाय गावात कला आणि डिझाइनचं सरकारी महाविद्यालय आहे, त्यामुळे तरुण पोरं, भट्ट्या आणि प्रदर्शनं यांची वर्दळ असते.

राहण्याचा परवाना: खरी गोम इथे आहे

साधं राहायला पैसे कमी लागतात हे खरं. पण साधं राहण्याचा *परवाना* मिळवायला किती लागतात, हा हिशेब बहुतेक जण शेवटी करतात. तो आधी करावा.

थायलंडने जुलै 2024 मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू केला. मुदत 5 वर्षं, एका प्रवेशावर 180 दिवस, आणि तिथेच अर्ज करून तेवढेच दिवस आणखी वाढवता येतात. खात्यात 5 लाख बाथ दाखवावे लागतात, म्हणजे आपले साधारण 14 लाख रुपये. दाखवायचे, भरायचे नाहीत. त्याबरोबर परदेशी ग्राहकांचं ऑनलाइन काम चालू असल्याचा पुरावा हवा, नाहीतर मुए थाई म्हणजे थाई बॉक्सिंग किंवा थाई स्वयंपाकासारख्या अभ्यासक्रमाचा प्रवेश हवा. नोकरी सोडलेल्या माणसाला यातलं काहीतरी जमतंच. पन्नाशी उलटली असेल तर निवृत्तांचा व्हिसा आहे. त्यासाठी थाई बँकेत 8 लाख बाथ ठेवा किंवा महिन्याला 65 हजार बाथ उत्पन्न दाखवा.

पोर्तुगालचा डी-सेव्हन व्हिसा मात्र पगार बघत नाही. घरभाडं, व्याज, लाभांश, पेन्शन असं बसल्या जागी येणारं उत्पन्न बघतो. किमान आकडा तिथल्या किमान वेतनाला बांधलेला आहे. 2026 मध्ये तो महिन्याला 920 युरो, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे. म्हणजे जोडप्याला 1380 युरो. युरो शंभर रुपयांना धरला तरी महिन्याला 1 लाख 38 हजार. पुण्यातल्या एका टू-बीएचकेच्या भाड्यात हे बसत नाही. नुसत्या एफडीवर भागवायचं म्हटलं तर 7 टक्क्यांनी जवळपास 2 कोटी 40 लाखांची ठेव लागेल. एकट्या माणसाला दीड कोटीच्या वर. परदेशी ग्राहकांचं काम करत राहणार असाल तर डी-एट व्हिसा आहे, पण तो किमान वेतनाच्या चौपट मागतो, म्हणजे 3680 युरो. एवढं कमावणाऱ्याने नोकरी सोडली असं म्हणायचं तरी कसं, हा माझा बाळबोध प्रश्न.

वर तिथला करक्रमांक, बँक खातं आणि घराचा भाडेकरार, आणि हे सगळं व्हिसा मिळायच्या आधी. म्हणजे न पाहिलेल्या घराचं भाडं भारतात बसून सुरू करायचं. व्हिसा 4 महिन्यांचा, त्यात तिथे जाऊन 2 वर्षांचं निवासपत्र घ्यायचं, मग 3 वर्षांचं. हे देणारी आइमा ही संस्था ऑक्टोबर 2023 मध्ये कामाला लागली तेव्हाच तिच्या माथी लाखो थकलेले अर्ज आले होते. कागदपत्रं चोख असली तरी ताटकळायची तयारी ठेवा.

गोव्याच्या वाचकांसाठी इथे एक आडवाट आहे. आपला, आई-वडिलांपैकी कोणाचा किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये झाला असेल, तर पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता उघडा असतो आणि वरचं आकडेशास्त्र गैरलागू ठरतं. पण दुहेरी नागरिकत्व भारताला चालत नाही. पासपोर्ट सोडावा लागतो, मतदानाचा हक्क जातो, नवी शेतजमीन घेता येत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येण्याजाण्याची सोय होते, बाकीचं परत येत नाही. घरात वडिलोपार्जित बागायत असेल तर आधी वकील गाठा.

हातची वस्तू विकायची आहे का?

माझ्या मते निर्णय याच प्रश्नावर फिरतो, हवामान किंवा भाड्यावर नाही.

थायलंडमध्ये परदेशी माणसांसाठी काही धंदे कायद्यानेच बंद आहेत. त्या यादीत लाकूड कोरणं, हातमागावर विणणं, हाताने कागद बनवणं, लाखकाम आणि छत्र्या बनवणं ही कामं आहेत. म्हणजे ज्या कारागिरीच्या ओढीने माणूस चियांग माईला जातो, नेमकी तीच त्याने व्यवसाय म्हणून करायची नाही. शिकायला आडकाठी नाही. सा नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाची साल शिजवून, कुटून, तो लगदा पाण्यातल्या चौकटीवर उचलून उन्हात वाळवायचा, हे तुम्ही आठवडाभर करा, कोणी काही म्हणणार नाही. त्याच कागदाच्या वह्या शिवून रविवारच्या बाजारात पथारी टाकलीत, तर ते परवान्याशिवाय काम झालं. डीटीव्हीवर थाई ग्राहकाला विकता येत नाही, थाई मालकाकडे काम करता येत नाही.

हा नियम मला अन्यायाचा वाटत नाही, बरं का. बो सांगच्या म्हातारीच्या पोटावर पाय देऊन आपण आपली सर्जनशीलता फुलवावी, असं कोणी म्हणणार नाही. फक्त जाताना हे ठाऊक असावं.

काल्दासला गणित उलटं आहे. निवासपत्र हातात आलं की करखात्यात जाऊन स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंद करायची आणि विक्रीची पावती सरकारी संकेतस्थळावरून फाडायची. तिथे लोक तिला अजून ‘हिरवी पावती’ म्हणतात, जरी आता ती ऑनलाइन निघते. पहिले 12 महिने सामाजिक सुरक्षेचा हप्ता माफ असतो. वर्षाची उलाढाल 15 हजार युरोंच्या आत असेल तर व्हॅटही लावावा लागत नाही. वर्षाला दोनशे कप-बश्या विकणाऱ्या माणसाला ही मर्यादा पुरून उरते. भट्टी भाड्याने घेणं, जत्रेत टेबल लावणं, शिकवणी घेणं, सगळं उजळ माथ्याने करता येतं. गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न वेगळा. मातीकामाच्या गावात मातीची भांडी विकायची म्हणजे कोल्हापुरात चपलांचं दुकान टाकण्यासारखं आहे.

खर्च, कर आणि ओल

चियांग माईत निम्मान भागातल्या कॅफेंपासून लांब, हांग डोंग किंवा सान काम्फेंगकडे गेलात तर साधं घर 10 हजार बाथच्या आसपास मिळू शकतं. काल्दासला एका बेडरूमचं घर 600-700 युरोंच्या खाली मिळणं आता कठीण. रोजचा बाजार मात्र काल्दासचा फार सुखाचा. गावाच्या मधल्या चौकात रोज सकाळी उघड्यावर भाजी-फळं मांडलेली असतात आणि विकणारे बरेचसे आसपासचे शेतकरीच. शाकाहारी माणसाची आबाळ दोन्हीकडे होते. चियांग माईत निदान पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधता येतात. तिथे मासळीचा सॉस नसतो, कांदा-लसूणही नसतो.

करांत पोर्तुगालची जुनी मोहिनी ओसरली आहे. नव्याने येणाऱ्या परदेशी रहिवाशांना मिळणारी मोठी करसवलत 2024 पासून सरसकट बंद झाली. आता भारतातल्या एफडीच्या व्याजावर तिथे 28 टक्के कर गृहीत धरा. भारतात कापला गेलेला कर करारानुसार वजा होतो. थायलंडमध्ये वर्षात 180 दिवस राहिलात की तुम्ही तिथले करदाते, आणि 2024 पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरही कर लागतो. भारतातून पैसे नेताना आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरलं की तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

हवामानाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जाहिरातींतून नेमकं तेच गाळलेलं असतं. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईच्या आसपास शेतं आणि जंगलं जळतात आणि दरीत धूर कोंडतो. समोरचा दोई सुतेप डोंगर दिसेनासा होतो. दम्याच्या माणसाने विचारही करू नये. ज्यांना परवडतं ते तेवढे महिने दक्षिणेला समुद्राकाठी जातात, म्हणजे वर्षाला दोन घरांचं भाडं आलं. काल्दासचा त्रास हिवाळ्यातला. थर्मामीटर काही फार खाली जात नाही, पण जुन्या घरांना हीटिंग नसतं, अटलांटिकचा पाऊस लागून राहतो, कपाटामागे बुरशी धरते आणि चाकावरून उतरवलेलं भांडं दिवसेंदिवस वाळत नाही. कोकणातला पावसाळा काढलेल्याला हे ओळखीचं वाटेल, फक्त थंडी अधिक.

घरचे फोन

आई-वडील सत्तरीपुढचे असतील तर चियांग माईचं पारडं जड. बँकॉकहून मुंबई साडेचार-पाच तासांवर आहे, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. लिस्बनहून यायला विमान बदलावं लागतं आणि जवळजवळ पूर्ण दिवस जातो. हिवाळ्यात तिथे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनला आलेला फोन इथल्या सकाळी साडेसातचा असतो, म्हणजे बहुतेक वेळा दवाखान्याचा.

पण कायमचं राहायचं असेल तर मात्र चियांग माई सोडून द्या. डीटीव्ही पुढे कुठे नेत नाही. पाच वर्षांनीही तुम्ही पाहुणेच, सलग नव्वद दिवस झाले की पत्त्याची वर्दी देणारे. जमीन नावावर होत नाही, फार तर इमारतीतला फ्लॅट. पोर्तुगालमध्ये पाच वर्षांनी आणि पोर्तुगीजची जुजबी परीक्षा देऊन कायम निवासाचा अर्ज करता येतो, आजारी पडलात तर सरकारी आरोग्यसेवा आहे. आपला मेडिक्लेम दोन्हीकडे बहुतेक निरुपयोगी, हे गृहीतच धरा.

माझं मत विचाराल तर, गाठीला कोटभराच्या आत पैसे असतील आणि दोन-तीन वर्षं शिकण्यात, लिहिण्यात घालवून पाहायची असतील तर चियांग माई. भारतातून दरमहा लाखाच्या वर आपोआप येत असेल, घडवलेलं विकायचं असेल आणि परत यायचं मनात नसेल तर काल्दास. मधल्यांनी, म्हणजे साठ लाख शिल्लक आणि कायमचं जायची स्वप्नं असलेल्यांनी, घाईने राजीनामा देऊ नये.

आणि पाहायला जायचं तर वाईट महिन्यात जा. चियांग माईला मार्चमध्ये. जुलै 2024 पासून भारतीय पासपोर्टवर 60 दिवस विनाव्हिसा राहण्याची सोय झाली, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी खात्री करा. काल्दासला जानेवारीत, शेंगेन व्हिसाचे 90 युरो भरून. हॉटेलात उतरू नका, महिनाभर घर भाड्याने घ्या आणि करार करण्याआधी मालकाला कपाट भिंतीपासून ओढून दाखवायला सांगा.