कार लोन झटपट, जामीनदार मात्र वाऱ्यावर (३ स्टार)

भाच्याच्या गाडीच्या लोनला जामीन राहिलो त्या अनुभवावरून लिहितोय. नाशिकमधली एक खाजगी बँक आहे, नाव घेत नाही. लोन घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर काम एकदम चोख, कागद दिले की सँक्शन, शोरूमला पैसे वेळेत, पोरगं खूश. जामीनदार म्हणून गेलात तर मात्र तुम्ही फक्त सही करणारा हात.

एक्झिक्युटिव्हने फाईल पुढ्यात टाकली, पानापानावर पेन्सिलच्या फुल्या, आणि "सर इथे, इथे, आणि इथे" सुरू. वाचायला लागलो तर म्हणे सर नुसती फॉर्मॅलिटी आहे. अरे बाबा फॉर्मॅलिटी आहे तर माझं पॅन आणि सॅलरी स्लिप कशाला घेतलीस? १८७२ च्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम १२८ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, म्हणजे हप्ते थकले की बँक आधी भाच्याच्या मागे लागेल आणि तिथे काही मिळालं नाही तरच माझ्याकडे येईल असं काही नसतं, ती थेट माझ्या दारात येऊ शकते. शिवाय हे लोन माझ्या सिबिलमध्येही (कर्जाच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये) दिसतं, उद्या मला होम लोन लागलं तर तिथे प्रश्न येणारच.

दोन जागी रक्कम आणि व्याजदर कोरा होता. भरल्याशिवाय सही नाही म्हटल्यावर तोंड वाकडं झालं, पण भरलं. मधेच "सर को-अ‍ॅप्लिकंटच व्हा ना, लोन जास्त बसेल" असंही सुचवून झालं. बसेल की, माझं उत्पन्न धरलं जाणार ना! पण मग पहिल्या हप्त्यापासून मी कर्जदारच, आणि आरसीवर नाव भाच्याचं, गाडी त्याची. नको म्हटलं.

अ‍ॅग्रीमेंटची कॉपी मागितली तर उत्तर, "ती कस्टमरला मिळते". मॅनेजर मॅडमकडे गेलो तेव्हा मिळाली, मॅडम खरंच चांगल्या आहेत, एक स्टार त्यांचा. 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे लोनच्या मुख्य अटी आणि खर्चाचा कागद, भाच्याला मिळालं होतं (१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल लोनला ते द्यावंच लागतं), त्याचा फोटो मी काढून ठेवला, सगळे चार्जेस त्यात एका जागी दिसतात.

पुढे भाच्याचा पगार लांबला, एक हप्ता बाऊन्स झाला. मला बँकेकडून ना मेसेज ना मेल. कळलं कधी, तर रात्री साडेनऊला वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा! सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही असा आरबीआयचा नियम आहे, तो ऐकवला आणि मॅडमना मेल टाकला, परत तसला फोन नाही. मेलला ३० दिवसांत उत्तर आलं नसतं तर आरबीआयच्या लोकपालाकडे जायची तयारी होतीच.

जामीनदाराला हक्कही असतात, ते या ब्रँचमध्ये कोणी सांगत नाही. मी पैसे भरले तर ते भाच्याकडून वसूल करायचा हक्क माझा, आणि सगळं भरून टाकलं तर गाडीवरचा बँकेचा हक्कही माझ्याकडे येतो. बँकेने माझ्या संमतीशिवाय तारण हातचं घालवलं तर तेवढी माझी जबाबदारी कमी होते. बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये असले हक्क सोडल्याचं एक कलम बारीक अक्षरात घुसवलेलं असतं, ते आधी शोधा. आणि आरसी आली की हायपोथिकेशनमध्ये (गाडी तारण असल्याच्या नोंदीत) बँकेचं नाव चढलंय का तेही बघून घ्या, तुमच्यासाठीच.

लोन संपल्यावर एनओसी आणि आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ भाचा घेईलच, मी माझा सिबिल रिपोर्ट काढून खातं क्लोज दिसतंय का बघणार आहे, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

जायचंच असेल तर मधल्या वारी अकराच्या सुमारास जा, शनिवारी इतकी गर्दी असते की फाईल वाचायला खुर्चीसुद्धा मिळत नाही.