आठ महिने, दोन प्रती आणि एक पर्सी जॅक्सन

रिक रायर्डनचं ‘पर्सी जॅक्सन अँड द लायटनिंग थीफ’ आलं २००५ साली, म्हणजे पुस्तक माझ्या लेकापेक्षा मोठं आहे. तो अकरा वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक आणलं आणि अभिप्राय आत्ता लिहितेय, कारण आमच्याकडे वाचन बैलगाडीच्या वेगानं चालतं. लेकाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचायला जड जातात. रात्री ओटा आवरून झाला की मी इंग्रजीतून थोडं वाचायचं, मग तेच मराठीत सांगायचं. प्रकरणं बावीस. हिशोब तुम्हीच करा.

पहिली प्रत फुटपाथवरून घेतली, ती चूक. बारावं प्रकरण संपलं की थेट चौदावं. आदल्या रात्री पर्सी आणि त्याची मित्रमंडळी जंगलात एका पूडल कुत्र्याचा सल्ला घेत होती आणि दुसऱ्या रात्री पर्सी उंचावरून नदीत कोसळत होता! मला वाटलं, लेखकाची शैलीच अशी असेल. लेक म्हणाला, “आई, मधलं काहीतरी गेलंय.” गेलं होतंच: सेंट लुईसची कमान, तिथली राक्षसांची आई एकिडना, तिचा आग ओकणारा कायमीरा, सगळं. मग दुकानातून नीट छापलेली प्रत आणली. अक्षर मोठं, ओळींमध्ये जागा मोकळी. अशा मुलांसाठी घेणार असाल तर आधी हे बघा, मुखपृष्ठ नंतर.

गोष्ट थोडक्यात: बारा वर्षांचा पर्सी, एकामागून एक शाळांमधून काढलेला. सहलीत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, त्याच्या गणिताच्या बाई पंख फुटलेली राक्षसीण होऊन अंगावर येतात. लॅटिनचे सर त्याच्याकडे बॉलपेन फेकतात, त्याची तलवार होते. पुढे कळतं की बाप ग्रीक देव आहे. “म्हणजे कर्णासारखा?” हा प्रश्न आमच्याकडे लगेच आला. सांगणारा पर्सी स्वतःच, आणि तिरकस, त्यामुळे मराठीत सांगताना जीभ अडखळत नाही. मद्याचा देव डायोनिसस शिक्षा म्हणून मुलांची छावणी सांभाळतो आणि दारूला बंदी म्हणून डाएट कोक पितो, यावर लेकापेक्षा त्याचा बाबाच जास्त हसला.

पण आम्ही अडकलो ते न्यू जर्सीतल्या एका पाटीपाशी. रात्रीची वेळ, पर्सी आणि त्याचे सोबती अ‍ॅनाबेथ व ग्रोव्हर, तिघं उपाशी, रस्त्याकडेला निऑनची पाटी. पर्सीला डिस्लेक्सिया, त्यामुळे त्याला तिथे अक्षरांची नुसती भेळ दिसते. अ‍ॅनाबेथलाही वाचता येत नाही. शेवटी ग्रोव्हर वाचून दाखवतो. आत बुरख्यातली एक बाई बर्गर खाऊ घालते, पैसे घेत नाही, आणि बागेत दगडी पुतळे, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर भीती. नजरेनं माणसाचा दगड करणारी मेडुसा, अर्थात. मला वाटलं लेक पुतळ्यांना घाबरेल. तो पाटीवरच थांबला होता. “हिरोला पण नाही वाचता आली?” ते पान मी चार वेळा वाचलं.

रायर्डन टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत शिक्षक होता. त्याच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी, म्हणजे एका जागी लक्ष न टिकणं. रात्री सांगायच्या ग्रीक कथा संपल्या तेव्हा त्यानं ही नवी रचली. ते पानोपानी जाणवतं. मात्र इथेच एक तक्रारही आहे. पुस्तकात म्हटलंय की या मुलांचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला, म्हणून इंग्रजी अक्षरं नाचतात. कथेत झकास! पण दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांनी शुद्धलेखनाची वही ढकलून “माझा मेंदू ग्रीकसाठी आहे” असं जाहीर केलं. ते निस्तरायला मला आठवडा लागला.

बाकी खोट म्हणजे देवांचा राजा झ्यूस याची चोरीला गेलेली वीज शोधायचा मधला प्रवास एकसुरी होतो. नवं गाव, नवा राक्षस, निसटले. चोर कोण हेही मोठ्यांना लवकर कळतं. लास व्हेगासचं लोटस कसिनो मात्र चुकवू नका: मुलं थोडा वेळ खेळायला म्हणून शिरतात आणि बाहेर पाच दिवस उलटलेले असतात. होमरच्या ओडिसीतले कमळ खाऊन घर विसरणारे खलाशी इथे व्हिडिओ गेमवाले झालेत. “तुझ्या रील्ससारखं,” असं मला ऐकवण्यात आलं.

मूळ पुराणकथा ठाऊक असणाऱ्यांनी नाक मुरडू नये. तिथला पर्सियस झ्यूसचा मुलगा, इथला पर्सी समुद्रदेव पोसायडनचा. देवांचं घर ऑलिंपस एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. या बदलांमुळेच लेक मूळ कथा विचारायला लागला आणि मला रात्री उशिरा मोबाइलवर ग्रीक देवांची भाऊबंदकी वाचावी लागली. आपली बरी म्हणायची.

तो आता धडाधड वाचतो असं नाही. पट्टी ओळीखाली धरून दोन पानं, कधी अर्धंच. मूळ मालिकेत पाच भाग आहेत, दुसरा आणलाय. करार असा की पहिला परिच्छेद त्याचा, पुढचे माझे. सुरुवातीलाच पर्सीच्या वर्गात एक धिप्पाड, रडवा मुलगा आलाय. तो कोण हे मी आधीच पुढे वाचून ठेवलंय. लेक रोज विचारतो, मी सांगत नाही.