टूल्सच्या दुकानातली स्टीलची पट्टी: क्राफ्टच्या कटिंगसाठी घ्यावी का?

रुखवत, गिफ्ट बॉक्स, आकाशकंदील, महालक्ष्म्यांचं मखर असली कामं करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहू लागले. मला मेसेजमध्ये एकच गोष्ट सारखी विचारतात, की तुमच्या बॉक्सचे कोपरे इतके बरोबर कसे काय बसतात, कटर कोणतं वापरता. कटर साधंच आहे हो, १८ मिमीच्या ब्लेडचं, कुठंबी मिळतंय. फरक पडतो तो पट्टीनं. आणि पट्टीवर कुणी पैसे घालायला तयार नसतं, कागद भारीतला आणतील, लेस आणतील, कुंदन आणतील आणि कापायला मात्र लेकराच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी घेतील.

तर हा रिव्ह्यू आहे स्टीलच्या ३० सेंमी पट्टीचा, पण स्टेशनरीवाल्याकडं मिळते ती नाही, टर्नर-फिटर लोक वापरतात ती. आमच्या संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाण्याची एमआयडीसी असल्यामुळं टूल्सची दुकानं बक्कळ आहेत, तिथं मिळते. माझा भाऊ वाळूजला टूलरूममध्ये आहे, त्यानंच पहिल्यांदा आणून दिली, म्हणला ताई हे घे, आम्ही याच्यावर लोखंड मापतो तर तुझा पुठ्ठा काय. मला तेव्हा दोनशेच्या आत पडली, आता कंपनीप्रमाणं भाव कमी-जास्त असतील.

आधी प्लास्टिकच्या पट्टीचं सांगते. प्लास्टिकची पट्टी रेघ ओढायला चांगली आहे, आरपार दिसतं म्हणून डिझाइन बसवायला तर लईच चांगली, पण तिच्या कडेला ब्लेड लावलं की ब्लेड कड खातं. एक बारीकशी खाच पडली की पुढच्या प्रत्येक वेळी ब्लेड तिथं अडकून आत वळतं आणि रेघ तेवढ्याच जागी वाकडी येते. मग बायांना वाटतं आपला हात हलला. हात नाही हो, पट्टी गेलेली असते. ॲल्युमिनियमची पट्टी त्याच्यापेक्षा बरी, पण ॲल्युमिनियम मऊ असतं, ब्लेड जरा तिरपं झालं की त्यालाबी ओरखडे पडतात. कडक स्टेनलेस स्टीलला तसं सहजासहजी होत नाही.

आता या पट्टीत चांगलं काय आहे. पहिलं म्हणजे शून्य. शाळेच्या पट्टीत शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा सोडलेली असते, या पट्टीत शून्य म्हणजे थेट पट्टीचं टोक. त्यामुळं बॉक्सच्या आत उभी टेकवून उंची मापता येते, कोपऱ्याला टोक भिडवलं की लगेच माप, वजाबाकी काही नाही. फक्त पट्टी पडून-आपटून टोक झिजलं असेल तर टोकापासून मापायचं नाही, १० मिमीच्या रेघेपासून धरायचं आणि शेवटी १० वजा करायचे, हे कारखान्यातले लोक पण करतात.

दुसरं म्हणजे आकडे. निस्ते छापलेले नाहीत, खोलात कोरलेले असतात, त्यामुळं फेविकॉल लागो, ओल्या फडक्यानं पुसा, जात नाहीत. माझ्या पट्टीवर एका कडेला मिमी आणि अर्धा मिमी दोन्ही आहेत, दुसऱ्या कडेला इंच आणि मागं इंचाचे मिमी करायचा तक्ता. माझं ऐका, बॉक्सच्या कामाला इंच सोडून द्या. इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याचा सोळावा भाग म्हणजे दीड मिमीच्या वर गेला, आणि झाकण बसायचं की नाही ते एका मिमीवर ठरतं. सव्वा आठ आणि वर एक दोरा असलं माप लक्षातबी राहत नाही.

तिसरं, ही पट्टी पातळ आहे, एक मिमीच्या आतबाहेर. जाड पट्टी असली की आकडे कागदाच्या वर उचलले जातात आणि आपण जरा बाजूनं बघितलं की खूण सरकते, डाव्या डोळ्यानं बघा एक माप, उजव्यानं बघा दुसरं. पातळ पट्टीत हे जवळजवळ होतच नाही. तरीबी खूण करताना डोळा बरोबर त्या रेघेच्या वर आणायचा, आणि पेन्सिल २एच (कडक शिशाची) नाहीतर ०.५ची लीडवाली घ्यायची. बोथट पेन्सिलची रेघच पाऊण मिमी जाड, मग रेघेच्या अलीकडून कापायचं का पलीकडून तेच कळत नाही.

घेताना दुकानात दोन मिनिटं लागतील पण तपासून घ्या. कोऱ्या कागदावर पट्टी ठेवून बारीक रेघ ओढा, मग पट्टी उलटी करून तीच कड त्याच दोन टोकांना लावा आणि परत ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर ती पट्टी ठेवून द्या, दुसरी मागा, दुकानदार कितीबी घाई करो. मापासाठी एक चांगल्यापैकी ए४ कागद घेऊन जा, तो २१० बाय २९७ मिमी असतो, मोठ्या चुकीची पट्टी असेल तर तिथंच कळते. आणि कडेवरून नख फिरवा, धातूचा बारीक कोर हाताला लागला तर तो कागद ओरबाडतो.

आता हिच्यातलं वाईट, कारण ते पण आहे. ही पट्टी घसरते. गुळगुळीत कार्डशीटवर, त्यात मेटॅलिक कागदावर तर लईच. आणि पातळ असल्यामुळं ब्लेड जोरात दाबलं तर कडेवरून वर चढायची भीती असते, वर चढलं की थेट डाव्या हाताच्या बोटावर. बोटाला आडोसा असं हिच्यात काही नाही. म्हणून बोटं कडेपासून चांगली मागं ठेवायची, एकत्र नाही, पसरून, म्हणजे पट्टी दोन्ही टोकांना दबते आणि मधल्या मधे फिरत नाही.

घसरण्यावर उपाय आहे. मागच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरच्या दोन-तीन छोट्या चिपा डबल टेपनं चिकटवायच्या, पण कडेपासून पाच-सात मिमी आत. कडेपर्यंत चिकटवल्या की कड उचलली जाते आणि ब्लेड तिच्या खाली शिरतं. मागं कॉर्क लावलेली तयार पट्टी पण मिळते, तिच्यातबी हीच अडचण आहे, शाईनं रेघा ओढायला ती चांगली, शाई फासत नाही, पण ब्लेडला ती उचललेली कड मला नको वाटते. नाजूक कागद असेल तर पॉलिश पेपर नको, ओरखडे येतात, तिथं मास्किंग टेपचे तुकडे लावा.

जाड पुठ्ठा, म्हणजे २ मिमी आणि वरचा ग्रेबोर्ड, सनबोर्ड असलं कापणार असाल तर ॲल्युमिनियमची ती सेफ्टी पट्टी येते, मधे बोटं ठेवायला खोलगट नाळ असलेली, ती घ्या. वर मऊ असते म्हणलं ते खरंय, पण जाड पुठ्ठ्याला जोर लागतो आणि जोर लागला की बोट वाचवणं महत्त्वाचं. त्यातल्या काही पट्ट्यांत कापायच्या कडेला स्टीलची पट्टी बसवलेली असते, ती मिळाली तर सोनंच. २०१८ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखराचं काम बऱ्याच जणी पुठ्ठ्यावर करू लागल्या, त्यांना तर ही लागतेच.

कापायची पद्धत पण सांगते, कारण चांगली पट्टी असून पद्धत चुकली तर पैसे वाया. खूण दोन जागी नाही, तीन जागी करा, तीन एका रेघेत आल्या तरच पुढं जा. मग पट्टी खुणेला लावून ब्लेड आणण्यापेक्षा आधी ब्लेडचं टोक खुणेवर टेकवा आणि पट्टी सरकवत ब्लेडला भिडवा, दुसऱ्या टोकालाबी तसंच. म्हणजे ब्लेडची जाडी मापाच्या मधे येत नाही. पट्टी नेहमी त्या तुकड्यावर ठेवायची जो आपल्याला वापरायचाय, म्हणजे हात सुटला तरी घाव टाकाऊ बाजूला जातो. आणि एका घावात कापायचंच नाही. पहिला हात एकदम हलका, निस्ता रस्ता पाडायला, दुसरा-तिसरा त्याच रस्त्यानं. उभं राहून कापा, खाली मांडी घालून बसून खांदा वाकडा होतो आणि ब्लेड तिरपं पडतं, मग पुठ्ठ्याची कड उतरती येते आणि चिकटवल्यावर फट दिसते.

माप घेताना सगळी मापं एकाच शून्यापासून. समजा मखराच्या पडद्याला २५-२५ मिमीच्या पट्ट्या पाडायच्यात, तर पट्टी उचलून दर वेळी पुढं २५ मोजू नका, एकदाच ठेवून २५, ५०, ७५, १०० अशा खुणा करा. पट्टी उचलली की दर वेळी थोडासा फरक येतो आणि तो साठत जातो. तसंच सारखे बरेच तुकडे लागत असले तर पहिला तुकडा नमुना म्हणून बाजूला ठेवायचा, त्याच्यावर नाव टाकायचं आणि सगळे त्याच्याच मापानं काढायचे, आधीच्या तुकड्यावरून पुढचा काढत गेलात तर शेवटचा तुकडा भलताच निघतो.

रुखवतातल्या पैठणीच्या बॉक्सचं उदाहरण घ्या. तळ ३०० बाय २५०, पुठ्ठा २ मिमीचा, भिंती तळाच्या बाहेरून लावायच्या. लांब भिंती ३०० च्या, आणि आडव्या भिंती २५० च्या नाही, २५४ च्या, कारण दोन्ही बाजूंनी लांब भिंतीची जाडी धरावी लागते. बाहेरून बॉक्स झाला ३०४ बाय २५४. झाकणाचा तळ मी ३०६ बाय २५६ घेते, ते दोन मिमी वरून चढणाऱ्या कागदासाठी आणि हवा जायला. झाकणाच्या लांब भिंती ३०६, आडव्या २६०. याच्यात कुठं एक मिमी कमी पडला की झाकण आवळतं, एक जास्त झाला की डुगडुगतं. तळ आणि झाकण कापून झाले की कर्ण मापा, दोन्ही कर्ण सारखे आले तर कोपरे काटकोनात, गुण्या (काटकोन बघायचं साधन) नसला तरी चालतंय.

इथंच ३० सेंमीची पट्टी कमी पडते बघा. कापायची रेघ पट्टीपेक्षा चार-पाच सेंमी तरी कमी पायजे, नाहीतर पट्टी जिथं संपते तिथं ब्लेड वळतं. म्हणून बॉक्सवाल्यांनी ६० ची पण घ्यावी, आणि ती दुकानात जाऊन हातात घेऊन घ्यावी. मी ६० ची ऑनलाइन मागवली होती तर मधे वाकलेली आली, पाकिटात निस्ता बबलचा कागद होता, परत केली पण लग्नसराईत आठवडा गेला.

घडी घालायच्या रेघेला पण हीच पट्टी, रिकामं झालेलं बॉलपेन तिच्या कडेनं फिरवा, ३०० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) जाड कार्ड न तडकता दुमडतं.

ब्लेडबद्दल थोडक्यात. तुकडे मोडून टाकायचं ब्लेड १९५६ साली जपानात ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी काढलं, ते छपाईच्या कामात होते आणि ब्लेडचं फक्त टोक बोथट झालं की सगळं ब्लेड फेकावं लागायचं म्हणून. तेव्हा टोक मोडायला चिंगूसपणा करू नका, कागद ओढला जाऊ लागला की मोडा. मोडलेले तुकडे जुन्या डबीत टाकून टेप लावून द्या, घंटागाडीवाल्यांच्या हाताला लागतात. खाली कटिंग मॅट पायजेच, काचेवर ब्लेड लगेच मरतं आणि प्लायवर लाकडाच्या रेषा ब्लेडला ओढून नेतात. पण मॅटवर छापलेल्या चौकटींवर माप घेऊ नका, माप पट्टीचंच.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं पण एक आहे. एप्रिल-मेमधे पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. २० अंशाच्या फरकानं ३० सेंमी स्टील साधारण एक दशांश मिमी वाढतं, प्लास्टिक चार दशांशापर्यंत जाऊ शकतं. त्याच्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि मॅट दोन्ही उन्हात वाकतात, मॅट एकदा लाटेसारखी झाली की सपाट होणं मुश्किल. मॅट आडवी, सावलीत ठेवा. स्टीलची पट्टी टोकाच्या भोकातून खिळ्याला लटकवा, वह्यांच्या गठ्ठ्याखाली टाकू नका.

कुणी घ्यावी? कार्ड, अल्बम, बॉक्स, कंदिलाच्या पट्ट्या करणाऱ्या सगळ्यांनी. कुणी नाही? लहान लेकरांसाठी घेऊ नका, त्यांना प्लास्टिकची पट्टी आणि कात्री. कापड कापणाऱ्यांनी पण नको, फिरतं चाकवालं कटर असेल तर त्याला जाड ॲक्रिलिकची पट्टी लागते, पातळ स्टीलवर ते चाक चढतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा घसरण्याचा कापला. आमच्या गावातल्या गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजारात स्टेशनरीत विचारलंत तर छापील आकड्यांची देतील, ती नको, टूल्सच्या दुकानात जाऊन "कोरलेल्या आकड्याची, अर्ध्या मिमीची" असं स्पष्ट मागा. डावखुऱ्यांनी घ्यायच्या आधी पट्टी उलटीपालटी करून बघावी, मिमीची कड आपल्या कापायच्या बाजूला येते का आणि तेव्हा आकडे सरळ वाचता येतात का ते.