क्रिप्टोस्पोरिडियमचं टायपिंग: १८एस, जीपी६० की पूर्ण जीनोम?

क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा सूक्ष्म परजीवी, आणि टायपिंग म्हणजे त्याची प्रजाती व प्रकार डीएनएवरून ओळखणं. जुलाब झालेल्या एकाच रुग्णावर उपचार करायचे असतील, तर यातलं काहीच करू नका. क्रिप्टोस्पोरिडियम सापडला एवढं कळलं की डॉक्टरांचं भागतं. होमिनिस निघो वा पार्व्हम (माणसांत सर्वाधिक सापडणाऱ्या त्याच्या दोन प्रजाती), औषधाची चिठ्ठी तीच राहते. टायपिंगचे पैसे वसूल होतात ते 'हा आला कुठून?' हे शोधताना: गोठ्यातल्या वासराकडून, नळाच्या पाण्यातून की घरातल्याच दुसऱ्या पोराकडून. तेव्हा प्रबंधासाठी किंवा साथीच्या तपासासाठी पद्धत निवडायची असेल, तरच पुढचं वाचा.

१८एस आरएनए (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा भाग) याच्या जनुकाचा मोठा गुण म्हणजे तो सहज सापडतो. दर जीनोममध्ये त्याच्या ५ प्रती आणि एका ऊसिस्टमध्ये (शौचातून बाहेर पडणारं परजीवीचं कवचबंद रूप) ४ स्पोरोझॉइट (संसर्ग करणाऱ्या पेशी), म्हणजे ऊसिस्टमागे २० प्रती. जीपी६० (परजीवीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक) याच्या मात्र चारच. नमुन्यात परजीवी तुरळक असला की जेलवर १८एसचा बँड (डीएनएची पट्टी) दिसतो आणि जीपी६०ची लेन कोरी राहते, ते यामुळेच. नेस्टेड पीसीआर (दोन फेऱ्यांत डीएनएच्या प्रती वाढवणं) करून, दोन एन्झाइमांनी कापून जेलवर चालवलं की बहुतेक वेळा प्रजाती कळते, सिक्वेन्सर जवळ नसला तरी. आतड्यातला परजीवी मेलिअॅग्रिडिस किंवा फेलिस अशा दुसऱ्या प्रजातीचा असला, तर तोही इथेच पकडला जातो; जीपी६०चे नेहमीचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) फेलिसवर चालत नाहीत. पण १८एस प्रजातीपाशीच थांबतो. भारतात, वेल्लोरच्या अभ्यासांतसुद्धा, मुलांमध्ये होमिनिसच जास्त सापडतो. दहातले बहुतेक नमुने 'होमिनिस' निघाले, तर एवढ्यावर साथीचा माग कसा काढणार?

तिथे जीपी६० लागतो. यात सेरिन या अमिनो आम्लाचे कोडॉन (तीन अक्षरी संकेत) लागोपाठ येतात आणि ते चक्क मोजायचे असतात. 'आयबीए१०जी२' म्हणजे आयबी हे कुटुंब, टीसीए १० वेळा, टीसीजी २ वेळा. क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्सरने काढलेला शिखरांचा आलेख) हे हातानेही मोजता येतं, आणि मोजावंच. मिश्र संसर्ग असेल तर पुनरावृत्तीच्या भागापासून शिखरं एकमेकांवर चढतात. सॉफ्टवेअर मात्र निवांतपणे एक आकडा देऊन मोकळं होतं. २००८ साली इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरला नळाचं पाणी दूषित झालं, तेव्हा रुग्ण, पाणी आणि शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत सापडलेला मेलेला ससा, तिन्हींतला प्रकार एकच निघाला. जीपी६०चं याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

पण तो सशातला प्रकार माणसांत दुर्मीळ होता म्हणून इतकं सोपं गेलं. आयबीए१०जी२ घ्या. १९९३च्या मिलवॉकीच्या साथीत (अंदाजे ४ लाख लोक आजारी) तो सापडला आणि २०१०च्या स्वीडनमधल्या ऑस्टरसुंडच्या साथीतही (सुमारे २७,०००). दोन रुग्णांत हाच प्रकार मिळाला म्हणून त्यांचा स्रोत एक, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. शिवाय या परजीवीचं लैंगिक पुनरुत्पादन यजमानाच्या आतड्यातच होतं. दोन वाण एकत्र आले की जनुकांची सरमिसळ होते, आणि जीपी६० तर ८ गुणसूत्रांपैकी एकावरचा जेमतेम एक तुकडा.

मधला पर्याय म्हणजे एमएलव्हीए, अनेक ठिकाणच्या पुनरावृत्ती मोजणं. पार्व्हमसाठी, वासरं आणि गोठे यांच्या तपासाला तो बरा. होमिनिसमध्ये विविधता कमी, तिथे हाती फारसं लागत नाही.

पूर्ण जीनोम खुणावतो खरा. जेमतेम ९० लाख बेस जोड्यांचा छोटा जीनोम, आणि होमिनिस व पार्व्हम दोन्हींचे आराखडे २००४पासून उपलब्ध. अडचण यंत्राची नाही, शौचाच्या नमुन्याची आहे. हा परजीवी जीवाणूंसारखा प्लेटवर वाढवता येत नाही. म्हणून मिठाच्या द्रावणात ऊसिस्ट तरंगवा, चुंबकी मण्यांनी वेगळे काढा, मग ब्लीचने धुवा, म्हणजे बाहेरचा जीवाणूंचा डीएनए जातो. ऊसिस्टला ब्लीचचं काही वाटत नाही; जलतरण तलावाच्या क्लोरीनला दाद न देणारं हेच कवच इथे आपल्या कामी येतं. एवढं करूनही ऊसिस्ट भरपूर असलेलेच नमुने टिकतात.

माझा कौल असा: सगळ्या नमुन्यांवर १८एस, पॉझिटिव्ह निघालेल्यांवर जीपी६०, आणि जीनोम फक्त साथीतल्या त्या नमुन्यांवर, जिथे जीपी६० सारखाच येऊन वाट अडलीय. अनुदान तुटपुंजं असेल तर जीनोमचा मोह सोडा आणि तो पैसा बीड-बीटरवर (बारीक मण्यांनी ऊसिस्ट फोडणारं यंत्र) घाला. कवच नीट फुटलं नाही तर डीएनए बाहेरच येत नाही. आणि नमुने गोळा करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावा, फॉर्मलिन घालायचं नाही. त्यात ठेवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतो, पण पीसीआरच्या कामाचा राहत नाही.