इक्वल टूखाली इक्वल टू: लाटेकमधलं अलाइन, तीन वर्षं वापरल्यानंतर

मी गोव्यात डिचोलीला अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण सोडवताना एक नियम मी कधीच मोडत नाही: इक्वल टूच्या खाली इक्वल टू. मुलाची नजर त्या एका उभ्या रेषेवरून खाली उतरते आणि कुठल्या पायरीत काय बदललं ते त्याला आपोआप दिसतं. छापील नोट्समध्ये मात्र कितीतरी वर्षं हे मला जमवता आलं नव्हतं.

समाकलनाच्या नोट्स मी एका डीटीपीवाल्याकडे दिल्या होत्या. त्याने स्पेसबार दाबून दाबून ओळी जुळवल्या. मग समास थोडा बदलला आणि सगळं सरकलं. एका लांब पायरीत वजाचं चिन्ह वरच्या ओळीच्या टोकाला राहिलं आणि त्याचं पद खालच्या ओळीत एकटंच आलं. वर्गातली एक मुलगी वही घेऊन आली. ‘टीचर, ही नवी स्टेप की वरचीच?’ तिने ते पद अधिक धरून पुढची दोन पानं सोडवली होती. पायऱ्या बरोबर, रीत बरोबर, उत्तर चुकलेलं. दोष तिचा नव्हता, कागदाचा होता. त्याच सुट्टीत मी लाटेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाला 1977 साली स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी वाईट वाटली की त्यांनी टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. त्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारलं. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर वेळी π (पाय) या संख्येच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो, सध्या तो 3.141592653 आहे. गणिताच्या माणसाला याचा आनंद वाटणारच. समीकरणांसाठी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं एएमएसमॅथ पॅकेज जोडावं लागतं, आणि समीकरणांच्या ओळी जुळवणारं अलाइन त्यातच आहे. सगळं फुकट.

अलाइनमध्ये मोकळी जागा मोजावी लागत नाही. कुठे जुळवायचं तेवढं & या खुणेने सांगायचं आणि ओळ संपली की \\ द्यायचं:

3(क्ष − 2) + 4 &= 19 \\
3क्ष − 2 &= 19 \\
3क्ष &= 21 \\
क्ष &= 7

(क्षच्या जागी नेहमीचं इंग्रजी अक्षर टाका.) चारही इक्वल टू एका रेषेत येतात. समास बदला, अक्षर मोठं करा, रेष हलत नाही. & नेहमी चिन्हाच्या आधी द्यायचं. नंतर दिलं तर चिन्ह आणि पुढचं पद यांतली नेमकी जागा बिघडते. ओळ लांब असेल तर ती अधिक-वजाच्या आधी तोडायची आणि पुढची ओळ त्या चिन्हानेच सुरू करायची, इक्वल टूच्या थोडी उजवीकडे. माझ्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आहे: खालची ओळ वजानेच सुरू झाली तर ती वरचीच पायरी, यात शंका राहत नाही.

जुन्या नोट्समध्ये इक्यूएनअ‍ॅरे नावाचा प्रकार सापडेल. तो वापरू नका. इक्वल टूच्या दोन्ही बाजूंना तो विनाकारण जास्त जागा सोडतो आणि समीकरण लांब असेल तर कडेला छापलेल्या समीकरणाच्या क्रमांकावर चढतो.

मला सर्वांत जास्त आवडलेली आज्ञा म्हणजे इंटरटेक्स्ट. माझ्याकडे येणारी बरीच मुलं डिचोली-सत्तरीच्या मराठी प्राथमिक शाळांतून आलेली. पुस्तक इंग्रजी, पण ‘दोन्ही बाजूंचा वर्ग करून’ असं मराठीत लिहिलं की त्यांचा चेहरा मोकळा होतो. इंटरटेक्स्टने दोन पायऱ्यांच्या मध्ये असं अख्खं वाक्य घालता येतं आणि तरी वरचा नि खालचा इक्वल टू एकाच रेषेत राहतो. मराठीसाठी झीलाटेक (देवनागरी हाताळणारा लाटेकचा प्रकार) आणि चांगला देवनागरी फॉन्ट लागतो. एकदा बसवला की त्रास नाही. फळ्यावर मी जसं बोलत बोलत सोडवते, तसंच आता कागदावर येतं.

क्रमांकांचं काम चोख आहे. प्रत्येक ओळीला क्रमांक आपोआप पडतो, नको त्या ओळीला नोटॅग लिहायचं, कुठेच नको असेल तर तारा (*) लावलेलं अलाइन घ्यायचं. मध्ये नवं समीकरण घुसवलं तर पुढचे सगळे उल्लेख स्वतःहून बदलतात. संपूर्ण उदाहरणाला मिळून एकच क्रमांक हवा असेल तर स्प्लिट हा प्रकार घ्यायचा.

आता अडचणी. सुरुवातीचे पंधरा दिवस खडतर जातात हे खरं. अलाइनच्या आत एक रिकामी ओळ राहिली तरी काम अडतं, आणि येणारा एरर वाचून कारण कळत नाही. शेवटच्या ओळीनंतर \\ राहिलं तर खाली एक रिकामी, क्रमांक पडलेली ओळ उगवते. आपोआप मोठे होणारे कंस एका ओळीत उघडून दुसरीत मिटता येत नाहीत. वरच्या ओळीला अदृश्य मिटणारा आणि खालच्या ओळीला अदृश्य उघडणारा कंस द्यावा लागतो, किंवा मग आकार हाताने ठरवावा लागतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. लांबलचक उदाहरण पानाच्या शेवटी तुटत नाही, सगळंच्या सगळं पुढच्या पानावर उडी मारतं आणि मागे अर्धं पान कोरं राहतं. त्यावर अलाऊडिस्प्लेब्रेक्स ही आज्ञा हा उपाय आहे, पण तो आधी कुणी सांगायला हवा.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवा शिकायला सोप्या आहेत. तरी आमच्याकडे जुलैच्या पावसात लाइट गेली की नेटही जातं, म्हणून मी सगळं लॅपटॉपवर बसवून घेतलं. डाउनलोड काही जीबींचा आहे, रात्री लावून झोपा.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो एररच्या भाषेसाठी. महिन्यातून एकदा प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरतं हवं असेल तर एवढे कष्ट घेऊ नका. पण तुमच्या नोट्स मुलं वर्षभर उघडून बसणार असतील तर नक्की शिका. त्या मुलीच्या धाकट्या भावाला यंदा मी तोच समाकलनाचा धडा नव्याने जुळवून दिला. त्याने वहीत उतरवून घेताना पट्टीने एक फिकट उभी रेघ मारली आणि सगळे इक्वल टू तिच्यावर बसवले. मी सांगितलं नव्हतं.