एसएमबी, एनएफएस की एसएफटीपी: मिश्र नेटवर्कवर फाइल शेअरिंगसाठी काय निवडावं?

विंडोज, लिनक्स आणि मॅक एकाच नेटवर्कवर आले की फोल्डर शेअर करणं पाच मिनिटांचं काम. खरा घोळ नंतर सुरू होतो. फोल्डर दिसतो पण उघडत नाही, उघडला तर सेव्ह होत नाही, आणि एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. प्रोटोकॉल (मशीनमध्ये फाइली द्या-घ्यायची ठरलेली पद्धत; एसएमबी, एनएफएस आणि एसएफटीपी हे तीन त्यातलेच) निवडताना बरेच जण वेगाचे आकडे बघतात. मला विचाराल तर वेग नंतर बघा. समोरचा माणूस कोण आहे हे तो प्रोटोकॉल कशावरून ठरवतो, ते आधी बघा. एसएमबी नाव आणि पासवर्ड विचारतो. एनएफएस, नेहमीच्या मांडणीत, पलीकडचं मशीन सांगेल त्या युजरच्या आकड्यावर विश्वास ठेवतो. एसएफटीपी थेट सर्व्हरवरच्या खात्याने लॉगिन करायला लावतो. परवानग्यांची बहुतेक भांडणं इथूनच निघतात.

एसएमबी: कटकट जास्त, पण सगळ्यांना चालणारा

विंडोज सर्व्हर असेल तर एका दाराला दोन कुलपं आहेत असं समजा: एक शेअरच्या परवानगीचं, दुसरं एनटीएफएसचं, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइली ठेवतं त्या पद्धतीचं (सिक्युरिटी टॅबमधलं). नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू, आणि त्यातलं जे कडक ते चालतं. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिला, पण सिक्युरिटी टॅबमध्ये फक्त रीड असेल, तर लिहिता येणार नाही. त्याच मशीनवर बसून तपासलं तर शेअरची अट लागतच नाही, म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर मिळतं. शेअरची परवानगी सैल ठेवून खरी बंधनं एनटीएफएसवर घालावीत, म्हणजे शोधायची जागा एकच राहते.

लिनक्सवर हेच काम सांबा नावाचा प्रोग्रॅम करतो. पहिली ठेच पासवर्डची. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड सांबा वापरत नाही. त्याची यादी वेगळी असते आणि ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने त्यात खातं घालावं लागतं. दुसरी, शेअर मुळात ‘रीड ओन्ली’ असतो, तो उघडावा लागतो. तिसरी ठेच सगळ्यात जास्त वेळ खाते. सांबाचा मूळ ‘क्रिएट मास्क’ (नव्या फाइलवर कोणते हक्क राहू शकतील ते ठरवणारी सेटिंग) ०७४४ आहे, म्हणजे नव्या फाइलवर लिहायचा हक्क फक्त मालकाला. एकाने फाइल ठेवली, दुसऱ्याला ती वाचता येते पण बदलता येत नाही, ते यामुळे. ‘फोर्स ग्रुप’ने सगळ्यांना एका ग्रुपमध्ये आणा, क्रिएट मास्क ०६६४ करा, डिरेक्टरी मास्क (तीच सेटिंग, नव्या फोल्डरसाठी) ०७७५ करा, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येतं. जुन्या फाइलींवर याचा परिणाम होत नाही. त्यांच्या परवानग्या एकदा हाताने बदलाव्या लागतात.

तरीही नकार आला तर वरचे फोल्डर तपासा. शेअर केलेला फोल्डर कितीही मोकळा असला, तरी त्याच्या वरच्या एखाद्या फोल्डरवर ‘एक्स’ हक्क नसेल तर आत शिरता येत नाही. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना बंद असतो, त्यामुळे होममधला फोल्डर शेअर करणारे हमखास इथे अडकतात. फेडोरासारख्या लिनक्स सिस्टिमवर एसईलिनक्स या जादा सुरक्षा-यंत्रणेचं लेबलही बघा. ते चुकीचं असेल तर एरवी सगळं बरोबर दिसत असूनही दार उघडत नाही.

क्लायंटकडचे, म्हणजे जोडणाऱ्या मशीनचे, नखरे वेगळेच. विंडोजमध्ये पिनने लॉगिन करणाऱ्याला वाटतं तोच पिन नेटवर्कवर चालेल. चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. त्यापेक्षा शेअरिंगपुरतं एक लोकल खातं काढलेलं बरं. एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडायला गेलात तर विंडोज १२१९ क्रमांकाचा एरर देतं. आधीचं कनेक्शन तोडून क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) जुनी नोंद काढा. आणि पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ने जोडायची सवय आता सोडा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर ओळखीची सही) सक्तीचं झालं आहे, आणि गेस्टला सायनिंग जमत नाही. जुना नॅस (नेटवर्कवरची फाइली साठवायची पेटी) जोडण्यासाठी एसएमबी१, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, चालू करा असा सल्ला मिळाला तर ऐकू नका; २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

मॅकचं काय? २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून मॅकचा कल एसएमबीकडेच आहे, आणि २०२० च्या बिग सर आवृत्तीमध्ये एएफपी (ॲपलची स्वतःची जुनी शेअरिंग पद्धत) सर्व्हर काढूनच टाकला. मॅकवरचा फोल्डर विंडोजला द्यायचा असेल तर फाइल शेअरिंगच्या पर्यायांत जाऊन ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या खात्यावर खूण करावी लागते. ही खूण विसरली की पासवर्ड बरोबर असूनही विंडोज तो परत परत विचारत राहतं.

एनएफएस: लिनक्स-लिनक्समध्ये छान, बाकी जपून

इथे नाव नव्हे, आकडा बोलतो, म्हणजे सिस्टिमने प्रत्येक युजरला आणि ग्रुपला दिलेला क्रमांक. मॅकवर पहिल्या युजरचा आकडा ५०१, उबंटूवर १०००. मॅकवरून एनएफएसवर फाइल ठेवली आणि लिनक्सवर यादी काढली, तर मालकाच्या जागी नुसता ५०१ दिसतो, आणि ग्रुपच्या जागी ‘डायलआउट’. मॅकचा ‘स्टाफ’ ग्रुप २० क्रमांकाचा, आणि डेबियन-उबंटूमध्ये २० म्हणजे मोडेम वापरणाऱ्यांचा ग्रुप! कुणीही काही बिघडवलेलं नसतं, दोन्ही मशीन आपापल्या यादीनुसार खरंच सांगत असतात.

यावर दोन उपाय. सगळीकडे आकडे सारखे ठेवा, किंवा ‘ऑल स्क्वॉश’ लावून येणाऱ्या प्रत्येकाला एकाच युजरवर आणा. दुसऱ्यात कोणी काय बदललं ते कळत नाही, पण लहान टोळीला तोच पुरतो. क्लायंटवर रूट (सगळे हक्क असलेला मुख्य युजर) असूनही लिहिता येत नसेल तर तो बिघाड नाही. ‘रूट स्क्वॉश’ मुद्दाम रूटला ‘नोबडी’, म्हणजे खास हक्क नसलेला युजर, करतो. मॅककडून जोडणीच नाकारली जात असेल तर सर्व्हरच्या एक्स्पोर्टमध्ये (कोणता फोल्डर कोणाला द्यायचा ती यादी) ‘इनसिक्युअर’ हा पर्याय लागेल, कारण मॅक १०२४ च्या वरच्या पोर्टवरून येतो. विंडोजचा एनएफएस क्लायंट होम आवृत्तीत नाही, आणि प्रोमध्ये चालू केला तरी आकडे रजिस्ट्रीत जाऊन भरावे लागतात. विंडोज वापरणारा एक जरी असेल तरी मी एनएफएसच्या वाटेला जाणार नाही.

एसएफटीपी: कधीमधी फाइल द्यायला

रोज उघडून काम करायच्या फोल्डरसाठी नाही, पण बाहेरून येणाऱ्याला फाइल द्या-घ्यायची असेल तर उत्तम. एकच पोर्ट, २२, आणि परवानग्या निव्वळ लिनक्सच्या. कोणाला एका फोल्डरपुरतं कोंडायचं असेल तर तो वरचा फोल्डर रूटच्या मालकीचा आणि इतरांना न लिहिता येणारा हवा. नाहीतर लॉगिन होऊन लगेच तुटतं. लिहायचा फोल्डर त्याच्या आत वेगळा करा.

दोष कुठे आहे ते आधी

निवड काहीही असो, सर्व्हरवर त्या युजरच्या नावाने शिरा आणि त्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवून बघा. तिथेच नकार आला तर प्रोटोकॉलच्या सेटिंगला हात लावायचं कारण नाही, फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या परवानग्या, बघा. फाइल बनली आणि नेटवर्कवरूनच अडलं, तर ओळख किंवा शेअरची अट चुकली आहे. पासवर्ड पुन्हा पुन्हा मागणं हा ओळखीचा प्रश्न; ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ हा परवानगीचा प्रश्नच नाही, तिथे पोर्ट ४४५ आणि फायरवॉल बघा. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) मारून बघणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्याने सांबाचा पासवर्डही सुटत नाही, एसईलिनक्सही नाही, आणि पुढची नवी फाइल परत जुन्याच मास्कने बनते. डिस्क एक्सफॅट (लिनक्सच्या परवानग्या न साठवणारी फाइलसिस्टिम) असेल तर त्या ७७७ ला काही अर्थच नाही. तिथे परवानग्या माउंट करतानाच ठरतात.

तिन्ही सिस्टिमवर रोजचं काम असेल तर एसएमबीच घ्या, वर सांगितलेली कटकट धरून. लिनक्स सर्व्हर आपापसात एनएफएसने बोलू देत. एकच फोल्डर एसएमबी आणि एनएफएस दोन्हीकडून द्यायचा असेल तर सांबाचा ‘फोर्स युजर’ (येणाऱ्या सगळ्यांच्या फाइली ज्याच्या नावाने बनतात तो) आणि एनएफएसचा स्क्वॉश केलेला युजर एकच ठेवा, आणि शक्यतो एका बाजूला फक्त वाचायचा हक्क द्या. दोघांची फाइल लॉक करायची पद्धत वेगळी आहे, आणि तो घोळ परवानग्या कितीही नीट केल्या तरी सुटणार नाही.