उलटे आटे मारून मिळाले

गाळ्यावर पाटीच नाही, त्यामुळे नाव विचारू नका. भोसरी एमआयडीसीतला दोन लेथ आणि एक म्हातारं मिलिंग मशीन असलेला गाळा. एरवी इथं कंपन्यांचे बुश आणि पिना बनतात. मी सायकलच्या क्रँक, म्हणजे पॅडल ज्यांच्या टोकाला बसतात ते दांडे, घेऊन गेलो तेव्हा गाळ्यावरच्या काकांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "साहेब, हे मोडकं नाहीये. मग आणलं कशाला?"

तर कशाला ते सांगतो. आमच्याकडं एक जुनी टँडम, म्हणजे दोघांनी पुढं-मागं बसून चालवायची सायकल आहे. पुढं मी, मागं अकरा वर्षांची लेक, आणि दोन्ही जागांना 170 मिलिमीटरच्या क्रँक. माझं ठीक आहे. तिचा पाय जांघेपासून टाचेपर्यंत मोजला तर भरला 66 सेंटिमीटर. या मापाला 0.216 नं गुणायचं असा एक ठोकताळा सायकलवाल्यांत चालतो, त्यानं तिची क्रँक येते 143 मिलिमीटरच्या आसपास. 170 वर पॅडल वर आलं की तिचा गुडघा पोटाला लागायचा आणि खाली गेलं की कंबर एका अंगाला कलायची. स्वतःच्या सायकलवर पोर दमली की हळू मारते. टँडमवर दोघांचे पाय एकाच चेननं बांधलेले. मी मिनिटाला ऐंशी फेरे मारले की तिनंही ऐंशीच मारायचे. "बाबा, तू जरा पाय थांबव ना" हे दर दोन मिनिटांनी.

आखूड क्रँक विकत घेऊन बसवल्या की झालं, असं मलाही वाटलं होतं. पण बहुतेक टँडमसारखी आमचीही रचना अशी की डावीकडची चेन पुढच्या-मागच्या पायांना जोडते आणि उजवीकडची मागच्या चाकाला जाते. म्हणजे मागच्या माणसाच्या दोन्ही क्रँकना दातेरी चकती लागते. उजवी मिळते. चकती बसणारी डावी क्रँक साध्या सायकलसाठी कुणी बनवतच नाही. एका नावाजलेल्या दुकानानं यावर शक्कल काढली: 152 ची उजवीच क्रँक घेतली, चकतीची भोकं जुळत होती, ती डावीकडं बसवून दिली. त्यावर सरळ आट्यांचं उजवंच पॅडल. मी पैसे दिले आणि खूश होऊन घरी आलो, ही माझी अक्कल.

डाव्या पॅडलला उलटे आटे असतात ते उगाच नाही. पायाचा दाब फेऱ्याबरोबर फिरत राहतो, तसा पॅडलचा दांडा आट्यांत कणाकणानं सरकतो. डाव्या बाजूला सरळ आटे असतील तर तो सुटण्याच्या दिशेनं सरकतो. तिसऱ्या रविवारी, आळंदीच्या रस्त्यावर, ते पॅडल लेकीच्या बुटाखालून निघून रस्त्यावर. निघताना क्रँकचे शेवटचे आटेही ओरबाडले गेले. ती पडली नाही, एवढंच. दुकानदार म्हणाला, घट्ट करत जायचं ना अधूनमधून.

मग मूळच्याच क्रँकना 145 मिलिमीटरवर पॅडलसाठी नवं भोक पाडून घ्यायचं ठरवलं. हे प्रत्येक क्रँकला जमत नाही. आतून पोकळ असतील तर विषय संपला, आणि पाठीवर खोल खाच असेल तरी नको. आमच्या जुन्या, भरीव ॲल्युमिनिअमच्या. काकांनी व्हर्निअर लावला, त्या जागी रुंदी 26 मिलिमीटर. पॅडलचं भोक साधारण 14.3 चं, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेसहाच्या आसपास धातू उरतो. "पोरीला चालेल. तुम्ही उभं राहू नका यावर."

अडलं ते टॅपवर, म्हणजे भोकात आटे पाडायच्या अवजारावर. 9/16 इंचाचा, इंचाला वीस आट्यांचा सरळ टॅप त्यांच्याकडं होता, उलटा नव्हता. तो मी ऑनलाइन मागवला. या भागाला मी उभा होतो. क्रँकचा मधल्या आसावर बसणारा चौकोन आधार धरून ती मिलिंगवर बांधली, डायल फिरवून सपाट आहे का पाहिलं, मग 13 चं ड्रिल. टॅपवर रॉकेलचे थेंब. अर्धा फेरा पुढं, थोडा मागं, परत पुढं. चांदीसारखा कीस बाहेर. काका टॅप डावीकडं फिरवत होते आणि हात सवयीनं उजवीकडं जात होता, म्हणून स्वतःलाच शिव्या.

फरक? क्रँक 25 नं आखूड, म्हणून सीट 25 नं वर. पॅडल वर येतं तेव्हा पाय आधीपेक्षा 50 मिलिमीटर खाली. दोन इंच! गुडघा आता पोटापासून लांब. देहूपर्यंत "थांब" एकदाच, तेही उसाच्या रसासाठी.

आता तक्रारी. "परवा या" म्हणाले आणि दहा दिवस लावले. उजव्या क्रँकवर शिकंज्याचे दात उमटलेत. डाव्या भोकाभोवतीची जागा पुरेशी सपाट केली नव्हती, पॅडलचा खांदा एका बाजूनं टेकत होता. परत जाऊन करून घ्यावं लागलं, त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत. दोन्ही क्रँकचे मिळून सहाशे रुपये, बिल नाही. शिवाय क्रँकचं टोक आता पॅडलच्या पुढं बोटभर उरतं, ते सुरुवातीला घोट्याला लागतं.

ते टोक कापून टाकू का, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, "कापताय कशाला? पोर वाढणार नाही का?" जुनं 170 चं भोक ग्रीस भरून तसंच ठेवलंय.

जाणार असाल तर क्रँक घरीच पुलरनं (क्रँक ओढून काढायच्या अवजारानं) काढून न्या, सायकल आत मावत नाही. काढण्याआधी पुढच्या-मागच्या चकतीवर नेलपॉलिशची खूण करा, नाहीतर परत बसवताना दोघांचे पाय जुळवत बसाल. उलटा टॅप मी त्यांच्याकडंच ठेवलाय. आणि गुरुवारी जाऊ नका, तिकडं सुट्टी.